निळी गोटी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर पांढऱ्या केसांची दोन भावंडं बसली होती. भावाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली सोड्याची जुनी बाटली होती. ती विकायला दोघं निघाली होती.

“तायडे, दुकानदाराचा आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलोच!”

“रिकाम्या बाटलीला एवढे? वेड लागलंय त्याला.”

“अगं, नुसत्या काचेला कोण विचारतंय! आत गोटी आहे ना, तिच्यामुळे भाव. गोटी काढायची तर बाटली फोडावी लागते. बाबांच्या कारखान्यातली अशी अख्खी बाटली त्याने दुसरी पाहिलीच नाही म्हणे.”

“कशी पाहील? बाकीच्या मी फोडल्या.”

“तू?”

“मग काय! तुला गोट्या हव्या असायच्या. बाबांचा मार मी खायचे आणि गोट्या तुझ्या खिशात.”

“मग ही कशी सुटली?”

“हिची गोटी हिरवी. तुला निळीच लागायची. दुसरी दिली की भोकाड पसरायचास.”

“म्हणजे हा सगळा भाव माझ्या भोकाडाचा!”

“हळू बोल छोट्या, लोक बघताहेत. चल, ऊठ, आपला स्टॉप आला.”

“थांब, खिडकीशी धरून बघू दे. तायडे, हिरवी तर काच आहे! आतली गोटी निळी असली तर?”

“ते फोडल्याशिवाय नाही कळायचं.”

“कंडक्टर, गाडी थांबवू नका हो! आम्ही उतरत नाही.”