टकल्याला पट्टा मिळाला का?

…आणि कावळा काही शिवेना हो! तुम्हाला सांगते, शेजारी दुसऱ्या कुणाचातरी दहावा होता, त्यांचा पिंड ठेवून माणसं मागं सरली नाहीत तोच दोन कावळे उतरले, शीत ठेवलं नाही पानावर. आणि आमच्या ह्यांच्या पिंडाकडे एक बघायला तयार नाही! भात गार झाला, गुरुजी घड्याळ बघायला लागले, आमचे दीर देवव्रत ओलेत्यानं खाडीवर कुडकुडत उभे. शेवटी मला घरी फोन. वहिनी, तुम्हीच या आता, दादाची काय इच्छा राहिली ते तुम्हालाच ठाऊक. आता मला कसं ठाऊक? तीस वर्षं संसार केला म्हणून? अहो, संसारात इच्छा कोण विचारतं, भाजी काय करू एवढंच विचारतात!

बसले स्कूटरवर लेकीच्या मागे. इरा चालवतेय, चौल ते रेवदंडा, खड्डा चुकवावा तर दुसरा हजर, आणि मी मागे विचार करतेय, ह्यांना हवं तरी काय होतं? तर ह्यांना आयुष्यात नाद एकच. टीव्हीवरची कुस्ती. आपली मातीतली नव्हे हो, ती अमेरिकेतली, चकचकीत चड्ड्यांची. सोमवारी पहाटे दात न घासता टीव्हीपुढे, आणि ते नाही जमलं, तर दिवसभर बँकेत फोन बंद करून बसायचे, कुणी निकाल सांगू नये म्हणून. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल!

मी शेजारी वाल सोलत बसायची आणि विचारायची, यातला आपला कुठला? झालं! "अगं पद्मा, आपला-बिपला कुणी नसतो. कोण जिंकणार ते आधीच लिहिलेलं असतं." मग लिहिलेलंच आहे तर तुम्ही एवढे चिडता का? तर म्हणे, "चुकीचं लिहितात म्हणून!" घ्या! रक्त आलं की मी डोळे मिटायची, तर हे समजावणार, काही नाही गं, तो स्वतःच कपाळाला बारीक ब्लेड लावतो. अहो, मग ते जास्तच वाईट ना? खोट्या मारामारीसाठी माणूस खरं रक्त काढतो… पण जाऊ दे, मला काय कळतंय त्यातलं!

त्यात एक टकला होता. नाव असेल काहीतरी इंग्रजी, मी टकलाच म्हणायची. मला आवडायचा, कारण पडला की उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवायचा, आपल्यासारखा. ह्यांनाही आवडायचा, पण ह्यांची कारणं वेगळी. म्हणे तो समोरच्याला सांभाळून पाडतो, नवख्यालासुद्धा मोठा करून दाखवतो, आणि कुस्ती भरवणाऱ्या कंपनीनं त्याला आजवर जिंकणाऱ्याच्या कमरेला बांधतात तो मोठा पट्टा म्हणून दिला नाही, देणारही नाहीत. तुम्हाला सांगते, बँकेत स्वतःच्या बढतीसाठी हा माणूस साहेबाच्या दारात उभा राहिला नाही, आणि टकल्यासाठी अमेरिकेला ईमेल! फोनवर ह्यांचा एक ग्रुप, त्यात अलिबागचा अनीश आणि तसलीच आणखी कट्टर मंडळी. त्यांच्याशी तासन्‌तास. माझ्याशी? "चहा टाक." कधी कधी वाटायचं, त्या टकल्याच्या गुडघ्याबद्दल ह्यांना जेवढं ठाऊक आहे, तेवढं माझ्या गुडघ्याबद्दल नाही. पण मला काय कळतंय त्यातलं!

तर टकल्याची शेवटची मॅच सोमवारी. त्या लांब केसांच्या पैलवानाशी, मी केसाळच म्हणायची त्याला. त्यानंतर तो निवृत्त. आणि ह्यांच्या छातीत दुखायला लागलं शनिवारी. अलिबागला नेताना गाडीत माझा हात धरला, घट्ट. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी. इराबद्दल, नाहीतर माझ्याबद्दल, इतक्या वर्षांत एकदा. तर म्हणाले, "सोमवारपर्यंत सोडतील ना गं?"

तेच शेवटचं. हसा, हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं असतं तर.

आणि मला रडू येईना हो. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, वाडीत कामाला येते ती गोदू रोज सांगायची, "वयनी, वाईच रडा, मोकल्या व्हाल." नाही आलं. डोळे कोरडे ठणठणीत. लोकांनी काय म्हटलं असेल ते असेल.

तर गेले खाडीवर. देवव्रत भावजींनी आधीच हात जोडून सांगून टाकलं होतं, दादा, सुपारीची वाडी विकणार नाही. कावळा ढिम्म. इरा म्हणाली, बाबा, मी आईला पुण्याला घेऊन जाते. ढिम्म. मी म्हटलं, अहो, गोळ्या वेळेवर घेईन. एक कावळा उडाला आणि लांब जाऊन बसला! गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू, मला पुढं जायचंय. तेवढ्यात मागून अनीश हळूच म्हणाला, काकू, मॅचचं असेल.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना काय झालं ते. तर तो ग्रुपमधल्या दोघांकडे बघायला लागला. ते शेजारीच उभे, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणतो कसा, "काकू, काकांनी मॅच बघितलेली नाही. न बघितलेल्याला निकाल सांगायचा नाही, नियम आहे." भावजी म्हणाले, अरे, तो गेलाय! तर म्हणे, "काका फार कडक होते त्या बाबतीत. मला एकदा ग्रुपमधून काढलं होतं."

म्हटलं, माझ्या कानात सांग, मी सांगते, मला काही तुमचा नियम लागू नाही. सांगितलं त्यानं. टकला हरला होता.

आता आली का पंचाईत? दहाव्याला माणसाला असलं कसं सांगायचं? सुरूच्या फांदीवर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे बघून म्हटलं, अहो, टकला जिंकला बरं का, पट्टा मिळाला त्याला. कावळ्यानं पाठ फिरवली! अगदी हे फिरवायचे तशी. अनीश मान हलवत म्हणाला, काका फसायचे नाहीत.

मग काय करते? म्हटलं, "अहो, हरला. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही दिला हो त्याला पट्टा. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

आणि आला की! सरळ खाली आला, पिंडावर बसला, चोच मारली. म्हणजे बघा, ह्यांना टकल्याची जीत नकोच होती, 'मी म्हटलं नव्हतं?' एवढंच हवं होतं! आणि ती ग्रुपची मंडळी, डोळे पुसता पुसता सुरू झाली, कंपनीला अक्कल नाही, केसाळाला काय येतं, काका असते तर फाडून काढलं असतं. तिथल्या तिथे, खाडीवर, ह्यांच्या आवडीचं भांडण! गुरुजीही पाच मिनिटं थांबले.

आणि मी? मला एकदम तो टकला दिसला. हरलेला, एकटा, गुडघ्यावर हात ठेवून उठतोय, आणि उद्यापासून त्याला कुणी बोलावणार नाही. आणि फुटला हो बांध. वाळूत बसले आणि हंबरडा फोडला. इरा धावली, भावजी धावले, सगळे रडत रडत म्हणाले, बरं झालं, रडली एकदाची नवऱ्यासाठी.

आता त्यांना काय सांगत बसू? रडू दिलं मी त्यांना माझ्याबरोबर.