शामलाचा हात

—नाही वं शामला, मूठ नको आवळू. मी बांगड्या फोडाले नाही आली, उतरवाले आली हावो. गांधीबागेतून पहिली बस धरली म्हणून वेळेवर तरी पोचली. तिकडं तुही सासू ओसरीवर दगड घेऊन बसली हाये—आज मनोहरचं दहावं, आज बांगड्या फुटल्याच पाहिजेत म्हणते. मी म्हटलं, गोपिकाबाई, ह्या बांगड्या मी भरल्या, मीच साबूत काढून देतो, तुम्ही कन्हान नदीत सोडा, कोणती रीत मोडते? तर म्हणे, माणसं घाटावरून येतपर्यंत काय करायचं ते कर, मंग मी हाये अन् माहा दगड हाये. म्हणून घाई करून राहिली बाई. नाही तर तुले घाई केली असती काय मी? दे, हात दे. पाणी कोमट हाये, साबणही नरम हाये.

तुले आठवते, लग्नाच्या आधी आईसंगं माह्या बांगड्यांच्या दुकानात आली होती? तेव्हाही अशीच मूठ. तुही आई म्हणे, ओढून भरा सिंधूताई, पोट्टी हट्टी हाये. मी म्हटलं हट्टी नाही, भेली हाये. अन् ओढून कोणाचा हात भरल्या जाते काय? बोलून सोडवा लागते, अन् हरेकीचं बोलणं वेगळं. प्रताप नगरातल्या इंदुताई मास्तरीण—त्यांच्याशी भांडावं लागते. खरंच. बाई, यंदा तुमच्या पोरी काही पास होत नाहीत म्हटलं, की त्यांचं सुरू होते, अन् बोलता बोलता बोटं अशी सैल पडतात की बांगड्या कधी चढल्या त्यांचं त्यांनाच समजत नाही. मंग ते देवकी, इथलीच, मागावर काम करते—तिच्या हाताले राठ म्हटलं की संपलं, दिवसभर हात देणार नाही. तिले म्हणायचं, देवकी, तुहा हात पाहून माही बांगडीच भेली. हासते अन् देते. माहे मालक सांगत, वामनराव—बांगडीचं माप मंग पाह्य, आधी समोर कोण बसलं ते पाह्य. अन् तुह्या हातावर कोणतं बोलणं चाललं होतं? मी नुसतं विचारलं, नवरा दिसाले कसा हाये वं? तू खाली मान घालून म्हणाली, कान मोठे हायेत. अन् हासली. अन् हात असा सुटला की हिरवा चुडा पाहता पाहता भरून झाला. मोठे होते खरे, मांडवात मी पाहिले ना. आता काय विचारू तुले मी?

अंगठा आत घे. असा. हं—ही निघाली एक. पाह्य, ओरखडाही नाही. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं तोंडातून काढत नाही आम्ही, वाढली म्हणतो. अन् ह्या म्हणतात फोडा. दुसरी दे—पुन्हा आवळली? काहून वं? रडून घे ना बाई. इतक्या दिवसांत रडली नाही म्हणतात तू. रडलं की हात सुटते, साऱ्यांचाच सुटते—

साऱ्यांचा नाही. माहा नव्हता सुटला. वामनराव गेले तेव्हा सासूनं माहा हात पायरीवर ठेवला अन् वरून वरवंटा. हा वण पाह्य, मनगटापाशी, काच आत गेली होती, थंडीत अजून ठणकते. साऱ्या गावाचे हात भरणारी मी, अन् माहा हात असा धरला की कोंबडी धरावी. मी रडली नाही, ओरडली नाही. बायका म्हणाल्या, दगडाची हाये. एकीनंही विचारलं नाही का इले काय पाहिजे. काय पाहिजे होतं मले? काही नाही वं. कोणीतरी जवळ बसावं अन् बोलू नये, बस. वामनराव साऱ्या गिऱ्हाइकांशी बोलत, हसवत, चिडवत—पण दिवाळीले माहे हात भराले बसले की चूप. लोकांले वाटे नवराबायकोचं भांडण हाये. भांडण कायचं? मले बोलणं सोसत नाही, हे त्या एका माणसाले समजलं होतं. त्याच्यामागं कोणाले समजलं नाही. अन् मी त्यांच्या गादीवर बसून दिवसभर बोलतो, गिऱ्हाईक लागते म्हणून बोलतो, अन् घरी गेली की...

मी काय सांगत बसली तुले. हे कोणाले सांगितलं नव्हतं मी.

थांब. आता मी घडीभर चूप झाली तर तुहा अंगठा हालला काय? हालला. मले लागला ना तळहाताले. अरे बाप्पा, मी लग्नातलाच हात समजून बोलून राहिली. तो वेगळा होता वं. हा वेगळा हाये.

गोपिकाबाई, दार ओढून घ्या जरा. माणसं आली तर आंगणात बसू द्या. अन् तो दगड न्या तिथून. शामला, हात माह्या मांडीवर ठेव. मी नाही बोलत आता.