बोट लागण्यावर उपाय

केतकी : बॅग राहू दे जरा, ईशान. आधी ऐक.

ईशान : चारला गाडी येतेय. भरता भरता ऐकतो. एवढा आलेपाक कुठून आला?

केतकी : तळमजल्यावरच्या अहल्याक्कांनी दिला. स्वल्प स्वल्प चघळायचा म्हणाल्या, त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत, म्हणजे थोडा थोडा. मी ग्रुपवर विचारलं होतं.

ईशान : काय विचारलंस?

केतकी : नवरा सोमवारी जहाजावर जातोय, बोट लागते त्याला, काही उपाय सांगा.

ईशान : सोमवारी. असं लिहिलंस?

केतकी : हो. इंदिरानगरच्या मराठी बायकांचा ग्रुप. दोनशे जणी आहेत, निम्म्यांना मी ओळखत नाही.

ईशान : अगं, मी कुठे जातोय हे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलालाही माहीत नाही.

केतकी : अजून आहे. काल एका बाईचा फोन आला. मराठीच बोलत होती, गोड. प्रवासी कंपनीतून म्हणे. कोचीहून निघणार की विशाखापट्टणमहून, सोबत किती जण.

ईशान : तू काय सांगितलंस?

केतकी : काहीच नाही. ठेवणार, तर म्हणाली, स्मृतीचा खोकला गेला का? आपल्या लेकीचं नाव मी त्या ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही. खोकल्याचंही नाही.

(ईशान बॅग सोडून खाटेवर बसतो.)

ईशान : खरं सांग. मी जाऊ नये म्हणून रचत नाहीस ना? टीव्हीवर चिनी जहाज दिसलं की तुझा घास अडकतो.

केतकी : ते सर्वेक्षणाला आलंय म्हणतात. मग तुमचं यंत्र पाण्यात कान लावायला कशाला जातंय?

ईशान : कारण तेही तेच करतात. दोन्ही शेजारी एकदमच अंगानं वाढले, समुद्र होता तेवढाच राहिला.

केतकी : छान. लेकीला हेच सांगेन. समुद्र नसलेल्या गावात जावयाला नोकरी म्हणून आई निर्धास्त होती माझी. आणि रचायचं असतं तर कालच रचलं असतं. तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले.

ईशान : सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावं लागेल. जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव कापतील. तुझा फोन घेतील, चौकशी होईल.

केतकी : होऊ दे.

ईशान : यंत्राची चाचणी थांबणार नाही पण. तारीख बदलतील फार तर. माझ्या जागी उपेंद्र जाईल.

केतकी : त्याची मुलगी केवढी आता?

ईशान : रांगायला लागलीय.

केतकी : तू कळव. तारीख तरी बदलेल.