दोनदा पपई लावलेलं बीफ

आमच्या सौदीतल्या, बुरैदा शहरातल्या घरचीच गोष्ट सांगते. नणंदेचं लग्न जमावं म्हणून मी मन्नतीचा रोजा धरला होता, आणि त्याच संध्याकाळी मुलाची आई तिला बघायला आल्या. बीफ चिवट होतं, म्हणून सकाळीच मी त्याला कच्ची पपई वाटून लावली. दुपारी सासूबाईंनीही लावली, मला न विचारता. शेगडीवर धरताच तुकडे सळईवरून गळून निखाऱ्यांत पडले. उरलेला लगदा तसाच वाढला.

"आमच्यात असंच करतात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

नणंद माझ्या कानात कुजबुजली, "भाभी, खलास!"

मुलाच्या आईंनी दोनदा मागून खाल्लं. मग म्हणाल्या, "दात गेल्यापासून सगळे मला डाळच वाढतात. तारीख काढा, आणि लग्नातही हेच करा."