पडद्यावरचे चौकोन

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझं काम संस्थेच्या संगणकांवर असतं आणि ते गप्प बसूनच होतं. तरी चार सभ्य वाक्यं लिहून आणली होती. ती बाजूला ठेवते, कारण सभागृहात शिरल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सरांचंही नसावं. सर, टेबलाला झालर लावली आहे, पण तुमचा पाय हलतोय हे समोरच्या ग्लासातल्या पाण्यावरून कळतंय. कुठे चूक दिसली की तो असाच हलतो.

सरांचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायाखालचा खडक आपल्याला घट्ट वाटतो, पण खोलवर तो लाखो वर्षांच्या संथ गतीने वाहत असतो. थंड भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, खाली बुडतात, तापलेला खडक वर येतो. हे बघायला तिथे कोणी जाऊ शकत नाही, म्हणून संगणकावर गणित मांडून बघायचं. सरांनी त्यासाठी एक संकेतस्थळ उभं केलं. भूकंपांच्या नोंदी कुठे मिळतील, समुद्रतळाचं वय सांगणारे नकाशे कुठे आहेत, हे त्यावर आहे. शिवाय घरच्या साध्या संगणकावर चालतील असे छोटे प्रोग्रॅम. सगळं फुकट. दूरच्या एका कॉलेजातल्या बाईंनी कळवलं होतं, "सर, आमच्याकडे नेट रडतखडत चालतं, चित्रं उघडतच नाहीत." सरांनी सगळी पानं त्यांच्यासाठी बिनचित्रांची करून दिली, आणि वर त्यांचीच माफी मागितली.

पण त्या संकेतस्थळाची खरी ओळख वेगळी आहे. प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेजारी एक पान असतं, 'हे कुठे चुकतं'. आमच्याकडे रीतच आहे, आधी ते पान लिहायचं, मग प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवायचा. नवा विद्यार्थी धावत येतो, "सर, चालला! चालला!" सर मानही वर करत नाहीत. "अभिनंदन. आता मोडून दाखव."

मी एकदा विचारलं होतं, "सर, आपणच आपल्या मालाची बदनामी का करायची?"

"अगं, खाली जाऊन बघता येत नाही ना? मग आपलं चुकलं हे कोण सांगणार? भूपट्ट येणारेत का तक्रार घेऊन?"

काकूंनी या पानांची चांगलीच धास्ती घेतली आहे. मघाशी मला म्हणाल्या, "उद्यापासून हे दिवसभर घरात. माझ्या स्वयंपाकाच्या शेजारी पान उघडलं ना, तर मी सरळ माहेरी जाईन."

हसून घ्या. आता जे सांगायचंय ते हसण्यासारखं नाही.

उद्या सरांचं संकेतस्थळ बंद होणार आणि त्यातलं सामान संस्थेच्या नव्या संकेतस्थळावर जाणार. हलवायचं काम माझ्याकडे आहे. प्रोग्रॅम घ्यायचे, चित्रं घ्यायची, दुवे घ्यायचे. 'हे कुठे चुकतं' ही पानं मात्र घ्यायची नाहीत. प्रसिद्धी विभागातल्या ताईंनी मला कारण नीट समजावलं. "दुकानाच्या पाटीवर कुणी लिहितं का, आमचा माल कधीकधी खराब निघतो म्हणून?" मी तडक सरांची खोली गाठली. सरांना सांगितलं, तर त्यांनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली. म्हणाले, "मी जाणारा माणूस. आता तुमचं राज्य."

तेव्हापासून मी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. आज ते माझ्या पाठीमागे टांगलेलं आहे.

हा पडदा बघा. आमच्याकडचं सर्वांत देखणं चित्र निवडून प्रसिद्धी विभागाने एवढं मोठं छापून आणलं. भूपट्ट खाली बुडतोय आणि भोवतालच्या खडकातला दाब लाल-निळ्या चौकोनांत, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखा. संचालक महोदय प्रास्ताविकात म्हणाले, निसर्गाची शिस्त बघा. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

पृथ्वीच्या पोटात असे चौकोन नाहीत. ते आपल्या गणिताचे आहेत. खडकाचा वेग आणि त्याच्यातला दाब मोजण्याच्या रीती एकमेकींशी जुळल्या नाहीत, की वेग ठीक दिसतो आणि दाबाला असं वेड लागतं. प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. हे चित्र सरांनी मुद्दाम बिघडवून काढलं होतं, 'हे कुठे चुकतं' या पानासाठी.

ताई, मान खाली घालू नका. तुमच्याकडे ठरल्याप्रमाणे नुसती चित्रं आली, शेजारचा मजकूर आलाच नाही. मजकूर गेला की चुकलेलं चित्र बरोबर आलेल्या चित्रापेक्षा देखणं दिसतं. ज्या इमारतीत हे ओळखणारी माणसं बसतात, तिथेच आज हे झालं. मग तशाच रडतखडत चालणाऱ्या नेटवर एकटीने अभ्यास करणाऱ्या मुलीचं काय? ती कुणाला विचारणार?

संचालक महोदय, सरांसाठी मी काही मागत नाही. त्यांना आज सत्कारात घड्याळ मिळालं, तेवढं पुरे. ती पानं नव्या संकेतस्थळावर येऊ द्या. उद्या जुनं बंद करायला मीच बसणार आहे, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत माझा हात चालणार नाही.

...काय म्हणालात? माइक देऊ का? नको? बरं, मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून संचालक महोदयांचं उत्तर जसंच्या तसं सांगते. "पानं राहू द्या, पण आधी तो पडदा उतरवा."

पहिल्या गोष्टीबद्दल मनापासून आभार. दुसरीला माझी नम्र हरकत आहे. पडदा राहू द्या. खाली 'हे कुठे चुकतं' सांगणारी एक ओळ चिकटवू, म्हणजे तोही आपल्या संग्रहातलं एक पान होईल.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलताना पायरी सोडली असेन तर सांभाळून घ्या. आणि सर, ग्लासातलं पाणी अजून हलतंय. म्हणजे माझ्या बोलण्यातही कुठेतरी चुकलंय. चहा घेताना सांगा, लिहून ठेवते.