आधी पिशवी दाखवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक माननीय डॉक्टर तृप्ती मॅडम, व्यासपीठावर विराजमान असलेले सरपंच राजानंदजी, रुग्ण कल्याण समितीतले माझे सहकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या औषधनिर्माण अधिकारी श्रीमती बेबीनंदाताई खरात, सर्व डॉक्टर, सिस्टर, कर्मचारी बंधू-भगिनी आणि दारापर्यंत दाटीनं उभे असलेले माझे गावकरी, सर्वांना या राधेश्यामचा नमस्कार.

मला चार शब्द बोलायला सांगितलंय. चारात माझं भागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. स्वयंपाक झालेला आहे, वास मलाही येतोय. पण थोडं थांबा.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले की ताई मनमिळाऊ आहेत, हसतमुख आहेत, त्यांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. मी खाली बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. हसतमुख? अहो, अठ्ठावीस वर्षांत औषधाच्या खिडकीत या बाईंना हसताना पाहिलेल्या एका माणसाला हात वर करू द्या! मन दुखवलं नाही म्हणता? या सभागृहातल्या निम्म्या लोकांचं दुखवलंय. माझं तर भर रांगेत दुखवलंय. आणि त्यांनी ते दुखवलं, म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला गजकर्ण झालं होतं. हसा, हसून घ्या. कुठं झालं होतं ते विचारू नका, आयाबहिणी बसल्यात. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली आणि मी खिडकीपाशी गेलो. मागं सिराजोद्दीनभाई, त्यांच्या मागं कडूबा, त्यांच्या मागं निम्मा बाजार. ताईंनी चिठ्ठी वाचली, वर बघितलं आणि विचारलं,

"शेठ, ही गजकर्णाची कॅप्सूल हाये. दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू हायेत तुमच्या?"

"कोणत्याच न्हाईत."

"जालन्याला हार्टची तपासणी झाल्ती ना तुमची? मंग कोलेस्टेरॉलची गोळी असंल. घरी जा, गोळ्यांची पिशवी घेऊन या. बघते, मंग देते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कोण हसलं ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्ही औषध द्यायला बसल्यात का चौकशा करायला?" त्या म्हणाल्या, "दोन्हीसाठी. आधी पिशवी दाखवा." आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी मागितली.

आता माझा धंदा काय, ते तुम्हाला माहीत आहे. बस स्टँडसमोर पस्तीस वर्षं बियाणं आणि फवारणीची औषधं विकतोय. मोसंबीवाला शेतकरी दुकानात आला की माझा पहिला प्रश्न काय असतो? "आधी काय मारलंय? डबी घेऊन ये." हे त्याच्यात मिसळू नको, टाकीत औषध फाटंल, झाड जाईल, हे मी पोराटोरांना समजावतो. कितीतरी जणांना मी डबी आणायला परत पाठवलंय. कुणी चिडलं तर मलाच हसू येतं. आणि मला एका बाईनं पिशवी आणायला सांगितलं तर माझा अपमान झाला! झाडाला एक न्याय आणि स्वतःच्या अंगाला दुसरा. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्याच दिवशी मी तक्रार लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे. "सदर कर्मचारी रुग्णांना अपमानास्पद प्रश्न विचारतात व औषध देण्यास टाळाटाळ करतात." खाली पहिली सही माझी. समितीचा सदस्य ना मी! नंतर दुकानात येईल त्याच्यापुढं कागद सरकवला. तेवीस सह्या झाल्या. कुणी वाचून केली, कुणी शेठ म्हणतात म्हणून केली. सिराजोद्दीनभाई, तुम्ही चहा पिता पिता केली.

मग चौकशी झाली. कसली चौकशी? एक साहेब जिल्ह्याहून आले, मला विचारलं, चहा घेतला आणि गेले. बाईंनी नेमका प्रश्न काय विचारला होता आणि का विचारला होता, हे एकानंही विचारलं नाही. आठ दिवसांत ताईंना खिडकीवरून उठवलं आणि मागच्या औषधभांडारात खोकी मोजायला बसवलं. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला ठपका. बरोबर काम केल्याबद्दल!

आणि मी काय केलं? दुकानाच्या मालासाठी जालन्याला गेल्तो, तिथं मस्तगड भागात एका मेडिकलच्या दुकानात चिठ्ठी दाखवली. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, कॅप्सूल काढून दिल्या. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, याला म्हणतात ग्राहकसेवा. रोज सकाळी कॅप्सूल, रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी. एक दिवस चुकवला नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी मांड्या दुखायला लागल्या. वाटलं, वय झालं. मग जिना चढता येईना. मग खुर्चीतून उठता येईना. मग एका सकाळी लघवी झाली ती काळ्या चहासारखी. मला उचलून इथं आणलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?" मी म्हणालो, "न्हाई." तेव्हासुद्धा! मरायला टेकलो होतो तरी लाज सुटत नव्हती.

आमच्या मंडळींना मात्र खिडकीवरचं भांडण माहीत होतं. त्या घरी गेल्या, कपाटातली गोळ्यांची पिशवी उचलली आणि डॉक्टरांकडं नाही, थेट मागच्या भांडारात गेल्या. टेबलावर सगळी पिशवी उलटी केली. म्हणाल्या, "ताई, त्यांचं चुकलं. पण माझं कुंकू बघा." ताईंनी दोन पाकिटं उचलली आणि पळत सुटल्या. हो, पळत. सिस्टर, तुम्ही पाहिलंय. एका तासात मी जालन्याच्या वाटेवर होतो. अकरा दिवस सलाईन लागलं, मूत्रपिंडं वाचली. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर आज हार माझ्या फोटोला असता.

परत आल्यावर मी ताईंसमोर मान खाली घालून बसलो. वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी काय ऐकवलं माहीत आहे? "शेठ, चरबी आपलं यकृतच बनवतं. कोलेस्टेरॉलची गोळी त्याचं ते काम कमी करती. मंग यकृत रक्तातली चरबी ओढून घेतं. काम झालं की यकृतच त्या गोळीला मोडून बाहेर टाकतं. गजकर्णाची कॅप्सूल ते मोडणंच अडवून धरती. तुम्ही रोज नवी गोळी घेऊन राह्यले अन् जुनी अंगातच. ती साचली, तिनं मांड्यांचं मांस झिजवलं अन् तो सगळा गाळ मूत्रपिंडात गेला." मी म्हणालो, "म्हणजे ती गोळीच वाईट. फेकून देतो." तेव्हा पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या. "बिलकुल फेकायची न्हाई! हार्टला तीच सांभाळती. डॉक्टर सांगतील तवा परत सुरू करायची. वाईट गोळी न्हाई, वाईट तुमचं लपवणं."

मंडळी, ज्या बाईची मी खुर्ची घालवली, तिनं मला अर्धा तास बसवून हे समजावलं. आणि मी गावात काय सांगितलं? मुतखडा झाल्ता! तीन वर्षं मी तुम्हाला मुतखड्याची गोष्ट सांगत फिरलो. वर्षभरानं ताई परत खिडकीवर आल्या, पण ठपका तसाच राहिला. तो मिटवायला मला खरं सांगावं लागलं असतं, आणि गजकर्णाचं नाव काढायला मला लाज वाटत होती. माझ्या तेवढ्याशा लाजेपायी एका सच्च्या बाईच्या पुस्तकात डाग राहिला. थू आहे माझ्यावर.

आणि आज आपण काय करतोय? शाल, श्रीफळ आणि हसतमुख! राग येतो मला. त्या तेवीस सह्यांपैकी सतरा माणसं या सभागृहात आहेत, मी मोजलीत. टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच वाजल्या. दुसऱ्यांना बोट दाखवत नाही, पहिला मीच.

म्हणून मी अर्ज लिहून आणलाय. तक्रार खोटी होती, मागे घेतो, ठपका काढावा. वर माझी सही झालीय, गजकर्णासकट सगळं लिहिलंय. तृप्ती मॅडम गेल्या वर्षी आल्या, त्यांचा यात काही दोष नाही. त्या म्हणाल्यात, तक्रारदारांनी लिहून दिलं तर आपला अभिप्राय जोडून आजच जिल्ह्याला पाठवते. ताई कार्यालय सुटेपर्यंत नोकरीत आहेत. आत्ता साडेतीन वाजलेत. जेवणाच्या दाराशी टेबल ठेवलंय, त्यावर कागद आणि पेन आहे. पंगत तिथूनच जाते. सिराजोद्दीनभाई, चहा नंतर पाजतो, आधी सही.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. आज मी जे बोललो त्यातलं काहीच चुकून बोललो नाही, त्यामुळं त्याची माफी मागत नाही. माफी एकाच गोष्टीची मागतो, आणि ती एकाच माणसाची. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्ष मॅडमनी वेळ दिला, सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, शाल बाकीच्यांनी दिली. मी हे आणलंय. बीपीची, कोलेस्टेरॉलची, परवा दाढ दुखली त्याची, आणि मलमसुद्धा, सगळं आहे यात. काही लपवलेलं नाही. तीन वर्षं उशीर झाला, पण पिशवी आणलीय. बघून घ्या.