वाटीचा आवाज संपल्यावर

नको, बसत नाही मी. तुमच्या या बुटक्या खुर्च्यांवर बसलं की गुडघे कानाला लागतात, आणि मग माणूस भांडायला आलाय असं समोरच्याला वाटतच नाही. हो, भांडायलाच आलेय, लपवायचं काय त्यात? ही घ्या तुमची पितळी वाटी. ही ती वाजवायची दांडी. आणि ही खालची निळी गादी – हो, तीही आणलीये, नाहीतर म्हणाल बिट्टीच्या आईने गादी ठेवून घेतली. दर आठवड्याला एका मुलाच्या घरी पाठवता ना ही? तर आमचा आठवडा झाला. भरपूर झाला. आता पुढच्या कुणाचं घर शांत करायचंय ते करा.

नाही, बिट्टीला आत नका बोलावू. बसलीये बाहेर बाकावर, दिसतेय इथून काचेतून. मोठ्यांचं बोलणं आहे. दार लावते – लागत नाही का हे? फट राहतेच? वा. मनाची दारं उघडायला निघालात आणि हे एक लागत नाही.

बाई, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतंय, की मघाशी?’ लोक म्हणतात, ‘आता.’ आणि मला कळतं, काही दिसत-बिसत नाहीये, कंटाळलेत नुसते, खुर्चीवरून उठायचंय. तशीच ही तुमची मुलं. डोळे मिटून बसवता, मग विचारता, ‘मन शांत झालं?’ आणि अख्खा वर्ग ओरडतो – ओरडतो हं! – ‘हो बाई!’ मी पालकसभेला बघितलंय की. सगळी फरशीवर आडवी, पोटावर कापडी ससे. श्वास घेतला की ससा वर, सोडला की ससा खाली. एक पोरगा चक्क घोरत होता, त्याचं तुम्ही कौतुक केलंत. आणि ते द्राक्ष! एकच द्राक्ष. आधी बघा, मग हुंगा, मग कानाशी धरा – द्राक्ष कानाशी! काय सांगणार आहे ते? दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ताटातला एकेक वाटाणा कानाशी. शाळेची गाडी खाली हॉर्न वाजवतेय आणि ही वाटाण्याचं ऐकून घेतेय.

तर वाटी घरी आली. नियम बिट्टीनेच सांगितले, अगदी तुमच्या आवाजात, तुमच्यासारखी मान तिरकी करून. वाटी वाजली की सगळ्यांनी डोळे मिटायचे. आवाज ऐकायचा – शेवटचा, अगदी बारीक झालेला, तोसुद्धा. संपला असं वाटलं की हात वर. मग ज्याचा हात वर त्याला बाई विचारतात, ‘आत काय चाललंय?’ आणि तो बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. बरोबर सांगतेय ना? पाठ झालंय मला.

पहिल्याच दिवशी वाजवली तिने, जेवताना. म्हणजे आम्ही बोलत होतो, मी आणि हिचे बाबा. बोलत म्हणजे – घरात बोलतात तसं. आवाज जरा चढतो त्यांचा. गाडी शिकवतात हो ते लोकांना. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकीसाठी ब्रेक दाबायचा आणि तोंडाने मात्र ‘छान, छान, घाबरू नका.’ मग आतल्या आत दाबलेली ती सगळी आरडाओरड घरी आणतात, जपून, एक थेंब न सांडता. आणि मी काय कमी आहे? मीही दिवसभर ‘आता की मघाशी’ करून आलेली असते. ते जाऊ दे. वाजवली तिने. आणि ह्यांनी डोळे मिटले! या माणसाने! मला इतकं हसू आलं की भांडण – म्हणजे बोलणं – विसरलेच मी. लगेच चेहरा फुलवू नका. ऐका पुढचं.

दुसऱ्या दिवसापासून वाटी ह्यांच्या हाताशी. मी तोंड उघडलं की टण्ण. ‘डोळे मीट, श्वास घे.’ मी म्हणतेय, एकदा तरी शाळेच्या सभेला या – टण्ण. मी म्हणतेय, मी जाते आता बहिणीकडे राहायला – टण्ण. आणि आवाज संपायच्या आत दुसरी टण्ण! संपूच द्यायचा नाही तो, म्हणजे माझा हात वर जायलाच नको. काय डोकं आहे बघा. तुमची ही शांतता अशी वापरतात घरोघरी, तुम्हाला काय माहिती? आणि मग मीही. हो, मीही. ते बोलायला लागले की मी टण्ण. ओढाओढी झाली वाटीची. ही इथे कडेला चेपलीये ना – बोट फिरवा, लागेल – ती पडून चेपलीये. पडून म्हणजे – फेकली. कुणी ते विचारू नका. मीच. भिंतीवर. बिट्टी बसली होती त्या बाजूच्या नाही हं, दुसऱ्या भिंतीवर.

बघू नका असं माझ्याकडे. मग मी ती उचलून कपाटावर टाकली, कुणाचाच हात पोचणार नाही अशी. बिट्टीने विचारलंसुद्धा नाही कुठे गेली म्हणून.

आणि काल. काल संध्याकाळी वाटी कपाटावर, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात, सुरूच. कशावरून ते आठवतही नाही आता. नाही, आठवतं. वेगळं राहण्यावरून. नुसतं बोलण्यातलं हो, सगळ्या घरांत निघतं असं. आणि मी पाणी घ्यायला वळले तर ही टेबलाशी बसलेली. डोळे मिटलेले. हात वर. किती वेळ होता कोण जाणे, कारण दुसऱ्या हाताने कोपर धरलं होतं तिने – टेकू दिल्यासारखं – हात भरून आला की मुलं धरतात ना, तसं. वाटी नाही, दांडी नाही. तिने आवाज मनातच वाजवला, मनातच संपवला आणि वाट बघत बसली होती की कुणीतरी विचारेल.

विचारलं नाही असं नाही हं. मी म्हणाले, ‘काय गं? हात खाली कर आधी.’ तिने केला. ‘काय सांगायचं होतं?’ तर म्हणे, ‘काही नाही. मन शांत झालंय.’ शांत झालंय! दुसरीतली पोर! अहो, मी ओळखते हा आवाज. ‘आता बरं दिसतंय.’ तोच.

हे शिकवलंत तुम्ही तिला. आधी रडायची तरी. पाय आपटायची, दार आपटायची, घर डोक्यावर घ्यायची. कटकट होती, पण कळायचं तरी काय ते! आता राग आला की तुमची ती पाण्यात चमकी भरलेली बाटली हलवते आणि चमकी खाली बसेपर्यंत बघत राहते. बघताना ओठ घट्ट. एवढ्याशा पोरीला एवढं शहाणं करून ठेवलंत, आता आम्ही कुठे तोंड – नको, पालकांचा वर्ग नकोय मला! तो कागद ठेवा आत. मोठी माणसं पोटावर ससे घेऊन झोपणार, शोभतं का?

एकच सांगा, मग जाते मी. इथे ती हात वर करते, तेव्हा तुम्ही विचारता ना? मग – काय म्हणते ती? आमच्याबद्दल काही बोललीये? कुणाकडे राहायचं, वगैरे, असं काही? का नाही सांगता येत? मुलांनी सांगितलेलं वर्गाबाहेर जात नाही? अहो, आई आहे मी तिची, मला कसलं वर्गाबाहेर काढताय! बरं. नका सांगू. ठेवा जपून, बरणीत भरून.

ही घ्या, ठेवली टेबलावर. निघते मी – अगं बाई! मी नाही वाजवली, दांडी घरंगळली नुसती. चेपलीये तरी किती घुमतेय मेली. थांबवा ती – नाही, नको, हात नका लावू. तिकडे बघा. काचेतून. डोळे मिटले तिने. मांडीवर दप्तर, आणि डोळे मिटून – फटीतून गेला वाटतं आवाज. मला तर संपल्यासारखा वाटतोय. तिला अजून येतोय. बघा, अजून नाही. अजून –

केला. हात वर केला तिने.

तुम्ही कुठे निघालात? तुम्ही नका विचारू. बसते, बसते मी, चालेल ही खुर्ची. बिट्टे, आत ये गं. अगं, हात खाली नको करूस. तसाच असू दे. भरून आला तर कोपर मी धरते. आणि बाई, तुम्ही जरा बाहेर जा. हो, तुमचाच वर्ग आहे, माहितीये मला. जा ना. आणि दार लागत नाही ना? मग ओढून धरा बाहेरून.